मामा, तुझा गेम चीटिंग करतो

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, कारण भाचा नववीत आहे आणि हरला की त्याच्यासाठी गल्ली क्रिकेटमधे पण अंपायरच चोर असतो. मग तेच पम्याच्या ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं, मग माझ्या रूममेटने, आणि शेवटी खुद्द पम्या म्हणाला की अरे काल मी खेळत होतो तर माझे बंदूकवाले सलग चार वेळा हुकले, वार लागायची शक्यता ७५ टक्के दाखवत असताना, बघ ना जरा. पम्या म्हणजे ज्याने या गेमची सगळी चित्रं काढलीयेत तो. घरचाच माणूस संशय घ्यायला लागला म्हटल्यावर हसू गेलं.

गेम काय आहे ते थोडक्यात सांगतो. टर्न बेस्ड स्ट्रॅटेजी, म्हणजे बुद्धिबळासारखं एकदा आपण एकदा तो. सह्याद्रीतला एक काल्पनिक किल्ला, षटकोनी घरांचा नकाशा, आपल्या सहा सात तुकड्या आणि घाटातून चढून येणारा शत्रू. माची, बालेकिल्ला, कडा, जंगल, नदी, प्रत्येक जागेचा फायदा तोटा वेगळा. मी कोड लिहितो, पम्या चित्रं काढतो, दोघांच्या नोकऱ्या असल्यामुळे सगळं काम रात्री साडेदहानंतर आणि शनिवारी. २०२२ मधे गोडोट नावाच्या, गेम बनवायच्या फुकट इंजिनात सुरू केलं आणि अजून ॲपच्या दुकानात टाकलेलं नाही, ओळखीतल्या वीसेक लोकांच्या फोनवर आहे फक्त.

तर चीटिंग. मी इंजिनिअर माणूस, मला वाटलं हे गणिताने मिटेल. सपाट मैदानाचा एक टेस्ट नकाशा होता त्यावर दहा हजार वार आपोआप मारायला लावले, ७५ टक्क्यांचे, आणि बरोबर साडेसात हजारांच्या आसपास लागले. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. वर अजून हुशारी केली की ७५ टक्के असताना सलग तीन वेळा हुकण्याची शक्यता चौसष्टात एक आहे, आणि एका लढाईत साठ वार होत असतील तर जवळपास निम्म्या लढायांत हे एकदा तरी दिसणारच, त्यामुळे तुमचं मन तुम्हाला फसवतंय. कोणी काही बोललं नाही, भाच्याने फक्त एक जांभई देणारा इमोजी टाकला.

मग मोठे गेम काय करतात ते वाचायला लागलो आणि तिथे भलतंच निघालं. फायर एम्ब्लेम ही जपानी मालिका १९९० पासूनची, तिच्या २००२ नंतरच्या बऱ्याच गेम्समधे एकाऐवजी दोन फासे टाकून सरासरी घेतात, त्यामुळे स्क्रीनवर ७५ लिहिलेलं असतं पण खरी शक्यता जवळपास ८८ असते. २०१२ च्या एक्सकॉममधे सोप्या लेव्हलला तुम्ही हुकलात की पुढच्या वाराला गुपचूप मदत मिळते. म्हणजे मोठमोठे लोक राजरोस खोटं बोलतात, फक्त खेळाडूच्या बाजूने बोलतात म्हणून कोणी ओरडत नाही. याउलट बॅटल फॉर वेसनॉथ, जो मी कॉलेजपासून खेळतोय आणि ज्याच्यावरून अर्ध्या गोष्टी ढापल्यात, तो काहीच लपवत नाही, हल्ल्याआधी एक खिडकी उघडून कोण किती टक्के वाचेल याचं सगळं गणित मांडतो. मी आणि पम्या दोन शनिवार यावरच भांडलो. पम्याचं म्हणणं आपण पण थोडं खोटं बोलूया, मी म्हणत होतो नाही, आकडा म्हणजे आकडा. (आत्ता हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय, का ते पुढे येईल.)

दिवाळीत ताईकडे कऱ्हाडला गेलो तेव्हा टॅब घेऊन गेलो होतो. पम्याने एकच अट घातली होती, कोणी खेळत असताना तू तोंड उघडायचं नाहीस, काही सांगायचं नाही, नुसतं मागे बसून वहीत लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आपण बनवलेली गोष्ट समोरचा चुकीची वापरतोय आणि आपण गप्प, याच्यापेक्षा दाढदुखी बरी.

दाजी बसले आधी. फोनवर रमी खेळतात तेवढाच अनुभव. पहिली दहा मिनिटं त्यांना हेच कळलं नाही की डाव कोणाचा चाललाय. शत्रूच्या अकरा तुकड्या एकेक करून हलायच्या, प्रत्येकीला सव्वा सेकंद, वर कॅमेरा प्रत्येकीच्या मागे धावायचा, आणि तेवढ्यात दाजी स्क्रीनवर टकाटक बोटं मारत होते, काहीच होत नव्हतं म्हणून अजून जोरात मारत होते. आमच्याकडे वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "शत्रूची खेळी" असं येत होतं. मला ते पुरेसं वाटत होतं, कारण मला माहीत होतं कुठे बघायचं.

मग त्यांचा डावीकडे खाली उभा असलेला मावळा हलेना. "पाव्हणं, ह्यो गडी हलंना ओ," दाजी म्हणाले. मी गप्प. त्यांनी परत दाबलं, मग शेजारचं घर दाबलं, मग टॅब थोडा तिरका करून दाबलं, जसं काही कोनाचा प्रश्न आहे. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे सांग की त्यांना, कशाला छळतोयस माणसाला." मी वहीत लिहिलं "डावा खालचा मावळा???" कारण खरं सांगायचं तर मला पण माहीत नव्हतं तो का हलत नाही.

रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडला. झालं असं होतं की डावीकडे खाली तुकडीची माहिती दाखवणारी एक पाटी येते आणि तीन सेकंदांनी विरून जाते. विरते म्हणजे मी तिचा रंग पारदर्शक करत होतो, पाटी काढून टाकत नव्हतो. गोडोटमधे पाटी दिसली नाही तरी ती तिथे असेल तर बोटाचा स्पर्श तीच खाते, खाली नकाशापर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे नकाशाच्या त्या कोपऱ्यातली आठ नऊ घरं पहिल्या दिवसापासून मेलेली होती, आणि मला कळलं नाही कारण मी कायम कॉम्प्युटरवर टेस्ट करायचो आणि तुकडी निवडायला कीबोर्डवरचं बटण वापरायचो. एक ओळ बदलली. विरल्यावर पाटी बंद, बास. दाजी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता हाललं बघा बेणं."

कॉम्प्युटरवर टेस्ट करण्याचे असे बरेच भोग निघाले. एखाद्या घराची माहिती हवी असेल तर माऊस त्याच्यावर नेऊन थांबायचं, हे मी धरूनच चाललो होतो. फोनवर माऊस कुठला. त्यासाठी दाबून धरायची सोय केली होती पण अख्ख्या दिवाळीत एकाही माणसाने एकदाही काही दाबून धरलं नाही, भाच्याने सुद्धा नाही. बोटाखाली घर झाकलं जातं ते वेगळंच. अँड्रॉइडवाले सांगतात की बोटाने दाबायची गोष्ट किमान ४८ डीपी हवी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर, आमचं घर पूर्ण झूम आऊट केल्यावर त्याच्या निम्मं पण भरत नव्हतं. शेवटी असं केलं की पहिल्या टॅपला फक्त काय होणार ते दिसतं, वाट रंगते, शत्रूवर टॅप केलं तर त्याच्या जिवाच्या पट्टीतला किती भाग जाईल तेवढा तिरप्या रेघांनी भरतो, आणि त्याच घरावर दुसरा टॅप केला की खरोखर होतं. माहिती वेगळी शोधायची गरजच नाही, चाल खेळताना वाटेतच भेटते.

आता सगळ्यात मजेशीर प्रकार सांगतो. डाव संपवायच्या बटणावर मी लिहिलं होतं "पाळी संपवा". खेळाची पाळी, अगदी शुद्ध मराठी. ताईने टॅब हातात घेतला, बटण वाचलं, आणि जी हसायला लागली ती थांबेना, दाजी विचारतायत काय झालं काय झालं, ही सांगायला तयार नाही. दोन पुरुषांनी मिळून बनवलेला गेम म्हणजे असं होतं. ते बदलून "डाव सोडा" केलं तर कोणी दाबेचना, लोकांना वाटायचं गेम बंद होईल. मग पम्याने सुचवलं लहानपणी आपण राज्य आलं, राज्य गेलं म्हणायचो, तर "राज्य द्या" करूया. किल्ल्याच्या गेममधे शत्रूला राज्य द्या! ते तर मीच हाणून पाडलं. शेवटी भाचा पुण्याला आला होता तेव्हा खेळताना सगळ्या तुकड्या हलवून झाल्यावर तोंडाने म्हणाला "झालं माझं" आणि बटण शोधायला लागला. तेच लिहिलं बटणावर. "झालं माझं". तेव्हापासून कोणीही विचारलेलं नाही की हे बटण कशाचं आहे.

त्या बटणाची जागा पण चुकली होती. "पुढची तुकडी" आणि हे बटण शेजारी शेजारी, अंगठा जरा घसरला की सगळा डाव शत्रूच्या हातात. मी आधी नेहमीचा उपाय केला, नक्की का असं विचारणारी खिडकी टाकली. दोन डावांत लोक ती न वाचता उडवायला लागले, हो हो हो करत, आणि चुकून दाबलं गेलं तरी हात आपोआप हो वर जायचा. काढून टाकली. आता तुकड्या शिल्लक असतील तर बटण फिकट असतं आणि त्यावर "३ बाकी" असा आकडा असतो, सगळ्या हलल्या की ते भगवं होतं. आणि चाल मागे घ्यायची सोय दिली, वेसनॉथसारखीच, म्हणजे चालल्यामुळे धुक्यातलं, म्हणजे नकाशाच्या अजून न दिसलेल्या भागातलं, नवीन काही दिसलं नसेल आणि फासा पडला नसेल तोपर्यंत कितीही वेळा मागे या. हे आधीच द्यायला हवं होतं. मला वाटायचं त्याने गेम सोपा होईल, पण बोट घसरल्यामुळे हरण्यात कसली आलीय स्ट्रॅटेजी.

अक्षरांचं रडगाणं थोडक्यात सांगतो नाहीतर त्यावरच वेगळा लेख होईल. गोडोट ३ मधे देवनागरी नीट जुळवून दाखवायची सोयच नव्हती, "किल्ला" लिहिलं की वेलांटी क च्या पुढे जाऊन बसायची आणि ल खाली पाय मोडून लंगडायचा. सुरू करण्याआधी बघायला हवं होतं, नाही बघितलं, वर्षभर सगळ्या पाट्या चित्र म्हणून काढून पम्याचा जीव खाल्ला. २०२३ च्या मार्चमधे गोडोट ४ आलं, त्यात हे नीट झालं आणि आम्ही सगळं तिकडे हलवलं. पण मग कळलं की आपण इंग्रजी गेम बघून जी डिझाईन ढापतो त्यात मथळे कॅपिटलमधे असतात आणि अक्षरांत ऐसपैस अंतर असतं. आपल्याकडे कॅपिटल नाही, आणि अंतर टाकलं की शिरोरेषा तुटून शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. उंचीचं पण तेच, इंग्रजीच्या मापाने बटण केलं की "शत्रू" चा ऊकार खालून कापला जातो आणि "गर्दी" चा रफार वरून. आम्ही मुक्ता फॉन्ट वापरला आणि ओळीची उंची दीडपटीच्या वर नेली तेव्हा कुठे सगळं मावलं. आकडे मात्र खेळात इंग्रजीच ठेवले, कारण भाचा इंग्रजी मिडियमचा आणि ५ की ६ यात अडखळतो. पम्या अजून यावर नाराज आहे.

रंगाचं पण झालं एक. चालायची घरं हिरवी, हल्ल्याची लाल, सगळेच करतात तसं. पम्याच्या ऑफिसातला एकजण पहिल्या दिवसापासून म्हणत होता की मला कळतच नाही कुठे चालायचं आणि कुठे मारायचं, आम्ही म्हणायचो अरे रंग बघ की. चार महिन्यांनी चहा पिताना सहज म्हणाला की मला लाल हिरवा वेगळा दिसत नाही ना. आता हल्ल्याच्या घरांवर तलवारीची खूण असते.

तर परत चीटिंगवर येतो.

दाजींना डाव कोणाचा ते कळत नव्हतं आणि शत्रूच्या खेळीत नेमकं काय झालं ते कोणालाच कळत नव्हतं, म्हणून मी एक नोंदवही बनवली. शत्रूने काय केलं, कोण कुठे मेलं, सगळं ओळीने लिहून येतं. नाव ठेवलं "बखर". नावावर मी जाम खूष होतो, वाचत कोणीच नव्हतं. नोंदी पण फार कोरड्या होत्या, म्हणून एका रात्री त्यात प्रत्येक वाराचं गणित छापायला लागलो, म्हणजे मूळ इतके, उंचीचे इतके, जंगलाचे वजा इतके, एकूण इतके. हे खरं तर चीटिंगवाल्यांचं तोंड बंद करण्यासाठी होतं. बघा, सगळं उघडं आहे, बोला आता.

पुढच्या रविवारी सकाळी भाच्याचे दोन स्क्रीनशॉट आले, एकाखाली एक. पहिल्यात वार करण्याआधीचा आकडा, ७५. दुसऱ्यात त्याच वाराची बखरीतली ओळ: मूळ ७५, नदी वजा २०, एकूण ५५. खाली फक्त "मामा???" तीन प्रश्नचिन्हं.

मी अंथरुणातच होतो. आधी वाटलं बखरीत चूक असेल, नवीन आहे ना. लॅपटॉप उघडला, कोड बघितला, आणि पोटात गोळाच आला. वार लागला की नाही हे ठरवणारं फंक्शन एक, आणि वाराआधी स्क्रीनवर आकडा दाखवणारं फंक्शन दुसरं, दोन्ही मीच लिहिलेली, सहा महिन्यांच्या अंतराने. ज्याला मारायचं तो कुठे उभा आहे हे दोन्हीकडे मोजलं होतं. मारणारा स्वतः नदीत उभा असेल तर वीस टक्के कमी, हा नियम आम्ही नंतर आणला आणि तो फक्त पहिल्या फंक्शनमधे घातला. दाखवणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. आणि आमचा दुसरा नकाशा आहे खिंडीचा, त्याच्या बरोब्बर मधून नदी जाते, तिथे निम्मे वार पाण्यात उभं राहूनच होतात. जुने मेसेज चाळले तर चीटिंगच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्याच नकाशाच्या. पम्याचे चार हुकलेले वार पण तिथलेच. मी दहा हजार वार मारले होते ते सपाट मैदानावर, जिथे नदीच नव्हती.

५५ टक्क्याला सलग तीन हुकणं म्हणजे अकरात एकदा होणार. चौसष्टात नाही. लोकांच्या मनाला बरोबर कळत होतं आणि मी त्यांना संभाव्यता शिकवत होतो, वर पम्याला म्हणत होतो की आकडा म्हणजे आकडा. अख्ख्या प्रकरणात खोटं बोलणारा गेम एकच निघाला आणि तो पण खेळाडूच्या विरुद्ध बाजूने.

दुरुस्ती तशी अर्ध्या तासाची होती, दाखवणारं फंक्शन उडवलं आणि दोन्हीकडे एकच ठेवलं, वार करण्याआधी तेच फंक्शन नुसतं विचारायचं आणि वार करताना त्याच उत्तरावर फासा टाकायचा. आता नवीन नियम आला की तो एकाच जागी लिहावा लागतो, विसरायची सोयच नाही. आकडा पण नुसता ५५ असा दाखवत नाही, त्याच्या शेजारी छोटं पाण्याचं चिन्ह येतं, खाली बाण असलेलं, म्हणजे कशामुळे कमी झालं ते कळतं. गंमत म्हणजे हे चिन्ह आल्यावर लोकांची खेळायची पद्धतच बदलली, नदी ओलांडून पलीकडच्या काठावर चढूनच वार करायला लागले, जे आम्हाला पहिल्यापासून हवं होतं. त्याच नकाशावर लोक हरतात म्हणून मी मधे शत्रूच्या दोन तुकड्या कमी केल्या होत्या, त्या परत वाढवाव्या लागल्या. म्हणजे किती संध्याकाळी मी शत्रूचा मेंदू दुरुस्त करण्यात घालवल्या आणि दुखणं होतं पाटीवरच्या एका आकड्यात.

ग्रुपवर माफी मागितली. भाच्याला विचारलं काय पाहिजे, तर म्हणाला श्रेयनामावलीत नाव पाहिजे, "चीटिंग पकडणारा" म्हणून. दिलं.

शत्रूच्या खेळीचं पण केलं मग, जी तुकडी तुम्हाला दिसतच नाही तिच्यामागे कॅमेरा जात नाही, आणि स्क्रीनवर बोट धरून ठेवलं की सगळं चौपट वेगाने पळतं, आणि डाव बदलला की अख्ख्या स्क्रीनची कड रंग बदलते. दाजी आता टकाटक मारत नाहीत, शत्रू खेळत असताना चहा घेतात म्हणे.

त्यांच्यासाठीच परवा अक्षराचं माप बदलायची सोय दिली, लहान, मध्यम, मोठं. त्यांनी अर्थातच मोठं केलं. आता "झालं माझं" मधलं "माझं" खालच्या ओळीत घसरतं आणि त्याचा अनुस्वार वरच्या "झालं" ला चिकटतो, बटण रुंद केलं तर नकाशावर चढतं. काल रात्रीपासून तेच बघतोय, पम्या म्हणतो नुसतं "झालं" ठेव, पण ते वाचून पहिला माणूस मला म्हणाला काय, हरलो का मी?